एक चूल, एक दाणा

कोल्हापूर सोडून फुटबॉल बघायला कुणी अकोल्याला जातं का, हा प्रश्न मला स्टेशनवर पोचेपर्यंत सगळ्यांनी विचारून झाला होता. शेजारच्या काकींनी विचारला, रिक्षावाल्यानं विचारला, आणि सोडायला आलेल्या बहिणीनं तर गाडी हलल्यावर खिडकीतून विचारला. त्यांचंही खरंच आहे म्हणा. आमच्याकडं प्रत्येक पेठेचा संघ, प्रत्येक संघाची वेगळी भांडणं, आणि मॅच हरली की त्या घरी जेवणाला चव नसते. मी तर शाळेत खेळाची शिक्षिका होते. निम्मं आयुष्य तोंडात शिट्टी होती, आता निवृत्तीनंतर नुसतं तोंड चालतं.

झालं असं की भाच्यानं मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. बंद पडलेल्या जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना) आवारात पोरं फुटबॉल खेळत होती. कडेला उभी असलेली माणसं एकेक करून कॅमेऱ्यासमोर यायची, कुणी मास्तर, कुणी हमाल, कुणी भाजीवाली, आणि सांगायची, "मी या क्लबचा मालक." संघ पूर्वी जिनिंगच्या शेठचा होता. धंदा बसला, शेठ गाशा गुंडाळून गेला, तेव्हा मॅच बघायला येणाऱ्या लोकांनीच वर्गणी काढून संघ आपल्या ताब्यात घेतला आणि आता तेच तो चालवतात. मला हे काही पटेना. आमच्याकडं चार माणसं एकत्र आली की पाच मतं निघतात, आणि ही माणसं गोलकीपर कोण ठेवायचा हे मतानं ठरवणार? म्हटलं, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

मी त्यांना मेसेज टाकला, येऊ का म्हणून. उत्तर लगेच आलं : "या न मॅडम. लॉज पाहू नका. आमच्याच घरी उतरा. वंदना, पऱ्हाटी फुटबॉल क्लब." पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड, हे मला नंतर कळलं.

गाडी लांबची. पुणं, दौंड, मनमाड करत सकाळी डोळे उघडले तेव्हा बाहेरची माती बदलली होती. आमची माती लाल, कुठं तांबूस. इथं मात्र नजर पोचेल तिथवर काळीभोर जमीन, तिच्यावर फुटलेला पांढरा कापूस आणि मधे मधे तुरीच्या ओळी. थंडी चांगलीच होती. वऱ्हाड म्हणजे ऊन, असं ऐकून मी स्वेटर आणला नव्हता. शेगावला चढलेल्या एका आजोबांनी माझ्याकडं बघून विचारलं, "काहून वं बाई, स्वेटर नाई आनलं?" ओळख ना पाळख, सरळ हजेरीच घेतली. मी म्हटलं, चुकलं. ते म्हणाले, "हाव, चुकलंच."

अकोल्याला वंदना घ्यायला आली होती. चाळिशीची, उंच, हाताला पिठाचा पांढुरका रंग कायमचा बसलेला. घरीच पिठाची चक्की चालवते. नवरा प्रमोद काळीपिवळी (माणसं भरून नेणारी जीप) चालवतो, आणि गेली कित्येक वर्षं पऱ्हाटी क्लबचा गोलकीपरही तोच. घर दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, पुढं मोठं अंगण, अंगणात कडुनिंब आणि त्याला बांधलेली बिजली नावाची बकरी. मी तिला गोंजारायला गेले तर तिनं माझ्या पदराचं टोक तोंडात घेतलं. वंदना म्हणाली, "तिले काई बी चालते, मॅडम."

नाश्त्याला पोहे होते. वंदनानं आतून विचारलं, "मॅडम, सांबार टाकू का वरून?" पोह्यांवर सांबार! मी घाईघाईनं नको म्हटलं. तिचा चेहराच पडला. मग ती ताटली घेऊन बाहेर आली तेव्हा लक्षात आलं, हातात हिरवीगार कोथिंबीर होती. इकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी म्हटलं, टाक बाई, चांगली मूठभर टाक. पोहे झणझणीत होते. कोल्हापूरकरानं तिखटाची तारीफ करणं म्हणजे काय, हे जाणकारांना सांगायला नको.

प्रमोदभाऊ भला माणूस. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. संघ घ्यायचा ठरला तेव्हा हाच माणूस आपली काळीपिवळी घेऊन गावोगाव हिंडला होता, आणि एकेका घराला त्यानं मालक करून आणलं होतं. त्याची जाण ठेवून लोकांनी पहिल्याच सभेत ठराव केला : प्रमोद जोवर म्हणेल तोवर गोलात प्रमोदच. हे मला त्यानंच सांगितलं, छाती फुगवून. मग उठताना त्यानं डाव्या हातानं खाटेचा आधार घेतला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "थंडीनं जरा आखडते."

खेळाच्या शिक्षिकेला गुडघा कळतो. 

दुपारी जिनिंगच्या आवारात सराव बघितला. प्रशिक्षक इक्बालभाई, पन्नाशी उलटलेले, गळ्यात मफलर, डोक्यावर टोपी. रविवारी अमरावतीला मॅच होती आणि ती जिंकली तर संघ वरच्या गटात जाणार होता. गोलात एकदा प्रमोद उभा राहिला, एकदा साहिल. साहिल हा आयटीआयमध्ये शिकणारा, सडपातळ, चपळ. गोलात कुठं उभं राहायचं याची प्रमोदची समज पक्की होती, चेंडू कुठं येणार हे त्याला आधी कळायचं. पण डावीकडचा चेंडू आला की तो झेप घेण्याआधी क्षणभर थांबायचा. त्या क्षणात दोन गोल गेले. कडेला उभे असलेले मालक लोक गप्प राहिले. एरवी हीच माणसं दर पासला सल्ला देत होती. एक भाजीवाल्या काकू तर इक्बालभाईंना ओरडून सांगत होत्या, "डाव्या बाजूनं खेयवा न पोट्ट्याईले!"

संध्याकाळी चक्कीवर बसले होते. गिऱ्हाईक नव्हतं. वंदनानं पट्टा बंद केला, माझ्याशेजारी पोत्यावर बसली आणि एकदम म्हणाली, "मॅडम, तुमाले दिसलं न आज?"

"दिसलं," मी म्हटलं.

"याईचा (यांचा) गुडघा गेला हाये. डॉक्टरनं साफ सांगतलं, आता एकदा का मुरगळला तं ऑपरेशन, अन् मंग क्लच दाबाचं नाव घेऊ नका. जीप गेली तं आमी काय खाचं? पन हे आयकाले तयार नाईत. म्हनते, अमरावतीची मॅच खेयतो अन् सोडतो. मागच्या साली बी हेच म्हनत होते."

मग तिनं खरं काय ते सांगितलं. तीच गुपचूप इक्बालभाईंकडं गेली होती. तिच्या सांगण्यावरूनच उद्याच्या सभेत विषय येणार होता : जुना ठराव मोडायचा आणि अमरावतीला साहिलला उभं करायचं. खेळाडूला मत नसतं, म्हणून घराचं मत वंदनाच्या नावावर. आणि मत गुप्त. ती म्हणाली, "मी चुपचाप साहिलच्या बाजूनं टाकीन. याईले वाटन, लोकाईनं ठरवलं. माह्यं नाव येनार नाई. घर बी साबूत अन् गुडघा बी." मग तिनं माझा हात धरला. "मॅडम, ह्याईले कळलं की म्या सुरू केलं, तं हे माह्याशी आयुष्यात बोलनार नाईत."

मी वचन दिलं. मला तेव्हा तिचा बेत फार शहाणपणाचा वाटला.

आता मतदानाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. इथं चिठ्ठ्या नाहीत. क्लबचे अध्यक्ष गावंडेकाका, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मी विचारलं, चिठ्ठ्या का नाही? ते म्हणाले, "इथी सारे एकमेकाईचं अक्षर ओयखते. चिठ्ठी टाकली की भांडन ठेवलेलं." म्हणून दाणे. प्रत्येक घराला एक सरकी आणि एक तूर. ठराव मान्य असेल तर सरकी, नसेल तर तूर. पडद्यामागं जाऊन एक दाणा माठात टाकायचा, उरलेला पडद्याआडूनच कोंबड्यांना. घरात माणसं कितीही असोत, मत एकच. एक चूल, एक दाणा. आणि दुसरा नियम असा की मत टाकलं की आधी जेवण, मग मोजणी. गावंडेकाका म्हणाले, "उपाशी मानूस निकाल आयकून लय खवयते."

मला हे ऐकून लई भारी वाटलं. आमच्या पेठेच्या तालमीत हा जेवणाचा नियम असता तर कितीतरी डोकी फुटायची वाचली असती.

सभा नेहमी जिनिंगच्या जुन्या ऑफिसात व्हायची. पण तिथलं छप्पर उतरवलं होतं, म्हणून या वेळी ती प्रमोदच्याच अंगणात भरली. हीच पहिली चूक. शनिवारी दुपारी माणसं जमली. प्रमोद खेळाडू, त्याला सभेत बसायची मुभा नाही, म्हणून तो कुंपणापलीकडं गोवऱ्यांचा आर करून रोडगे (कणकेचे घडी घातलेले गोळे, आरात भाजलेले) लावत बसला. विषय काय आहे हे त्याला ठाऊक होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो म्हणत होता, "टाका रे बाप्पा, टाका, काय टाकाचं ते. म्या काई कोनाले इचारनार नाई." पण त्याचा आवाज नेहमीपेक्षा लहान होता.

एकेक जण घराच्या दारातल्या पडद्यामागं जाऊन आला. वंदना शेवटी गेली. तिला थोडा जास्तच वेळ लागला, असं मला वाटलं. बाहेर आली ती सरळ वरणाच्या पातेल्याकडं. माठ कडुनिंबाखाली ओट्यावर ठेवला, वर फडकं टाकलं आणि पंगत बसली.

रोडगे कुस्करून त्यात तूप, वर वरण, बाजूला वांग्याची भाजी. दुसरा रोडगा संपवून मी हात धुवायला उठले आणि खाड् असा आवाज आला. वळून बघते तर ओट्याखाली माठाच्या खापऱ्या, आणि त्यांच्या मधोमध बिजली. दाव्याचा गाठ सुटलेला तुकडा गळ्यात तसाच लोंबत होता. मान खाली, तोंड सुरू. "हुड्! हुड्!" म्हणत मी धावले. बिजलीनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि खाण्याचा वेग वाढवला. सरकी म्हणजे जनावराचा आवडता खाऊ, हे या माणसांच्या पोराबाळांनाही ठाऊक. तरी मतं म्हणून तीच माठात भरून बकरीच्या खुंट्याशेजारी ठेवणारी माणसं फक्त इथंच सापडायची! मी पोचले तेव्हा जमिनीवर तुरीचे दोन-तीन दाणे होते, आणि तेही कोंबड्या टिपत होत्या.

सगळे उष्ट्या हातानं गोळा झाले.  मग इक्बालभाई म्हणाले, "नगरपालिकेत मतं खानारे लय पाह्यले भाऊ. पन अशी चावून खानारी पह्यल्यांदाच पाह्यली." झालं, हास्याचा जो स्फोट झाला, मी तर पोट धरून खाली बसले.

हसू ओसरलं तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बकरी कोनाची हाये पन?"

 दुसरं कुणी म्हणालं, "अन् दावं कोनं बांधलं होतं?" नाव कुणी घेतलं नाही. पण सगळ्यांच्या नजरा वंदनाकडं वळल्या. अर्थ सरळ होता : नवऱ्याची जागा जाऊ नये म्हणून बाईनं बकरी सोडली. वंदनाच्या हातात वरणाचा डाव होता, तो तसाच वर राहिला. तिचा चेहरा लाल झाला होता. माझ्या मस्तकात तिडीक गेली. ओरडून सांगावंसं वाटलं की अरे बाबांनो, उलट आहे, सगळं उलट आहे! पण वचन दिलं होतं. दात आवळून उभी राहिले.

गावंडेकाकांनी हात वर केला. "दाने पुन्हा वाटाले सरकी नाई उरली. हात वर करून घेऊ."

"अन् प्रमोद?" कुणीतरी विचारलं.

प्रमोद कुंपणाच्या फाटकातून आत आला. हाताला राख लागलेली. "प्रमोद इथीच हाये," तो म्हणाला. "जे कराचं ते माह्यासमोर करा. मले बी पाहू द्या." आणि तो नेमका सगळ्यांच्या समोर, ओट्यावर जाऊन बसला. बसताना त्यानं डावा पाय सरळ ठेवला.

गावंडेकाकांनी विचारलं, "अमरावतीच्या मॅचले गोलात साहिल. ज्याईले मान्य असन त्याईनं हात वर करा."

एकही हात वर आला नाही. ही माणसं किती फटकळ, हे मी दोन दिवस अनुभवत होते. मला स्वेटरवरून बोलणारी, वरण पातळ झालं तर तोंडावर सांगणारी. पण ज्यानं आपल्याला दारात येऊन मालक केलं, त्याच्या डोळ्यात बघून हात वर करायचा म्हटल्यावर सगळ्यांचे हात गुडघ्यांना चिकटले. इक्बालभाईंना मत नाही, ते मफलरचं टोक पिळत उभे. भाजीवाल्या काकू जमिनीकडं बघत होत्या. कुंपणापलीकडं साहिल मान खाली घालून उभा होता. गावंडेकाका पुन्हा विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात वंदनानं डाव खाली ठेवला.

तिनं हात पदराला पुसला आणि वर केला.

प्रमोदनं आधी तिकडं बघितलंच नाही. मग बघितलं. मी त्याचा चेहरा बघत होते आणि बघवत नव्हतं. ती त्याच्याकडंच बघत राहिली, नजर काढली नाही. म्हणाली, "तुमचा पाय पाह्यजे मले." एवढंच.

कितीतरी वेळ तो एकच हात वर होता. मग भाजीवाल्या काकूंनी डोळे पुसत हात वर केला. मग गावंडेकाकांनी. मग एकेक करत निम्म्याहून जास्त अंगण. मोजायची गरज पडली नाही. प्रमोद उठला, आराकडं गेला आणि उरलेले रोडगे राखेतून काढून झटकत बसला. बकरीबद्दल त्यानंतर कुणी चकार शब्द काढला नाही.

त्या दिवशी घरात प्रमोदभाऊ एक अक्षर बोलला नाही. पाणी मागितलं तेही माझ्याकडं बघून. वंदनाही गप्प. मधे मी, पाहुणी, दोघांच्या ताटात भाजी वाढत अन् हवापाण्याच्या गप्पा मारत. अहो, शाळेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा माझी एवढी पंचाईत झाली नव्हती.

रविवारी अमरावतीला निघालो. पुढं खेळाडूंची मिनीबस, मागं मालक लोकांच्या गाड्या. प्रमोदनं आपली काळीपिवळी काढली. मला वाटलं होतं तो येणारच नाही. मी त्याच्याशेजारी, मागं वंदना, गावंडेकाका आणि बाकीचे. मूर्तिजापूर सोडलं तसा रस्ता सरळसोट. दोन्हीकडं कापूस वेचणाऱ्या बायका, पाठीला झोळ्या. बडनेऱ्याजवळ संत्र्यांचे ढीग लागले. मी ते बघत होते खरी, पण माझं लक्ष क्लचवर होतं. ट्रक आडवा आला, गतिरोधक आला की त्याचा डावा पाय खाली जायचा आणि जबडा आवळला जायचा. अमरावती येईपर्यंत हे मी किती वेळा बघितलं याला हिशेब नाही. ऑपरेशन या शब्दाचा अर्थ वंदनाला रोज या जीपमधून कळत असणार.

अमरावती मोठं शहर, क्लासच्या पाट्याच पाट्या, दुचाकीवर पोरंच पोरं. मॅचआधी भाजीवाल्या काकूंनी मला ओढत एका गाड्यावर नेलं. "गिलावडा खाल्ल्याबगर अमरावती पाह्यली असं म्हनू नका." हा दह्यात बुडालेला वडा, वर चटणी आणि मसाला. गाडेवाल्यानं विचारलं, कुठून आल्या? कोल्हापूर म्हटल्यावर त्यानं न विचारता तिखट दुप्पट टाकलं. या मान-सन्मानानं माझ्या डोळ्यात पाणी आलं, निम्मं खरोखर तिखटानं.

मॅच चांगली झाली. साहिल सुंदर खेळला. पूर्वार्धात त्यानं डावीकडचे दोन चेंडू असे काढले की मी जागेवरून उठले. प्रमोद गोलाच्या मागं जाळीला धरून उभा होता, सगळा वेळ उभा. सुरुवातीला गप्प. मग कॉर्नर आला आणि त्याच्या तोंडून निघालं, "मांगं पाह्य रे, मांगं!" त्यानंतर तो थांबलाच नाही. पण शेवटी शेवटी आणखी एक कॉर्नर आला. साहिल बाहेर पडला, एक पाऊल चुकलं, चेंडू त्याच्या बोटांवरून गेला आणि त्यांच्या उंच पोरानं डोक्यानं आत ढकलला. एक शून्य. तिथंच संपलं. वरचा गट राहिला.

 परतीला जीपमध्ये वंदना खिडकीला टेकून बसली होती. हरण्याचं खापर तिच्या माथी फुटणार हे ती जाणून होती, आणि ते कुणी बोलून दाखवत नव्हतं हे जास्त वाईट होतं. मूर्तिजापूरजवळ गावंडेकाकांच्या तोंडून निसटलंच, "आपला अनुभवी मानूस असता तं..."

प्रमोदनं गाडी हळू केली. समोर बघतच म्हणाला, "काका, तो गोल माह्याच्यानं अडला नसता."

"तसं नाई रे, म्या आपलं..."

"नसता अडला. या पायानं तं नाईच."

मी खरं सांगते. धड पायाचा प्रमोद असता तर त्यानं तो चेंडू नक्की काढला असता, साहिलसारखा चुकीच्या क्षणी तो बाहेर पडलाच नसता. हे त्यालाही कळत होतं आणि गाडीतल्या प्रत्येकाला कळत होतं. पण त्या पायाचं नाव त्यानं स्वतःच्या तोंडानं घेतलं होतं, तेही सगळ्यांदेखत.  मागं वंदनानं पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी गाडी होती. दोघं सोडायला आले. वंदनानं सांबारवडीचा डबा दिला, प्रमोदनं संत्र्यांची पिशवी. अजूनही दोघांचं बोलणं माझ्यामार्फतच चाललं होतं. "मॅडम, त्याईले सांगा, पानी घेतलं का?" "मॅडम, तिले सांगा, घेतलं." तारायंत्र झाले होते मी! शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, "आता मी निघाले की कोण निरोप पोचवणार? बकरी?"

प्रमोदनं पिशवी खाली ठेवली. आणि त्या सभेनंतर पहिल्यांदा सरळ बायकोशी बोलला.

"काहून वं, माठात काय टाकलं होतं तू?"

उत्तर मला माहीत होतं. सरकी. तिनं आधीच मला सांगितलं होतं. मी दुसरीकडं बघायला लागले.

वंदना म्हणाली, "तूर."

मी गर्रकन वळले. प्रमोदही तिच्याकडं बघत राहिला. तूर म्हणजे ठराव अमान्य. तूर म्हणजे गोलात प्रमोदच.

"इक्बालभाईकडं मीच गेली होती," ती म्हणाली. "ते बी सांगून टाकते. विषय म्याच आनला. पडद्यामागं गेली तवा सरकीच घेतली होती हातात. पन सुटलीच नाई. तुमी तिकडं रोडगे लावून राह्यले होते लोकाईसाठी, अन् मी मागून... नाई जमलं मले. तुमच्या पाठीमागं नाई जमलं. तोंडावर जमलं."

गाडी येत असल्याची घोषणा झाली. प्रमोदनं नाक ओढलं. मग विचारलं, "मंग पह्यल्या मोजनीत म्या जिंकलो असतो का?"

"मले काय मालूम," वंदना म्हणाली. "बिजलीले इचारा."

तो हसला. आधी नुसते खांदे हलले, मग ते त्याचं नेहमीचं मोठं हसू प्लॅटफॉर्मभर गेलं. वंदना मात्र हसली नाही, ती रडायला लागली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मी डब्यात चढले तेव्हा दोघांनाही माझी आठवण नव्हती, आणि मला त्याचा आनंदच झाला.

घरी येऊन आता आठवडा झाला. आमच्या पेठेतली पोरं येतात, विचारतात, लोकांच्या मालकीचा क्लब चालतो कसा, घटना कशी आहे, मत कसं घेतात. त्यातल्या दोघांनी आपल्याकडंही असं करता येईल का याचा विचार सुरू केलाय. मी त्यांना सगळं सांगते : एक चूल, एक दाणा, आधी जेवण, मग मोजणी. माठ मांडणीवर ठेवा, हेही सांगते. मत गुप्तच असावं, हे मी आयुष्यभर मानत आले आणि अजूनही मानते. पण पोरं उठून गेली की मला तो हात दिसतो. पिठानं पांढुरका, भरल्या अंगणात एकटाच वर गेलेला. लपून तिला नवऱ्याविरुद्ध एक दाणा टाकवला नाही, आणि त्याच बाईनं त्याच्या डोळ्यात बघून तो हात खाली येऊ दिला नाही. एवढं कुणी आपल्यावर प्रेम करावं, असं मला त्या अंगणात उभं राहून वाटलं होतं, आणि अजून वाटतं.